दहाव्या खंडापाशी थांबलेले वाचक

रॉबर्ट जॉर्डनच्या ‘द व्हील ऑफ टाइम’ या मालिकेचा दहावा खंड, ‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’, जानेवारी २००३ मध्ये आला आणि येताक्षणी अमेरिकेतल्या खपाच्या याद्यांत वर जाऊन बसला. तेरा वर्षं या कथेमागे चाललेल्या वाचकांनी तो अधाशासारखा घेतला, वाचला, आणि त्यांतल्या पुष्कळांनी तिथेच मालिका सोडली. एपिक फँटसी वाचणारी दोन माणसं भेटली की आजही थोड्याच वेळात या खंडाचा विषय निघतो. नव्या वाचकाला त्याच्याबद्दल आधीच बजावून ठेवतात, जुने वाचक त्यावरून भांडतात, आणि मालिकेबद्दल कुणाचं काय मत आहे ते या एका पुस्तकाविषयी तो काय बोलतो यावरून बरंचसं ओळखता येतं.

मालिका अफाट आहे. पहिला खंड ‘द आय ऑफ द वर्ल्ड’ जानेवारी १९९० चा, शेवटचा ‘अ मेमरी ऑफ लाइट’ जानेवारी २०१३ चा. मधल्या २३ वर्षांत चौदा खंड आणि २००४ मध्ये एक पूर्वकथा, सगळे मिळून सुमारे ४४ लाख शब्द. मूळ बेत तीन पुस्तकांचा होता. ‘टॉर’ प्रकाशनाच्या टॉम डोहर्टींनी करार सहा पुस्तकांचा केला, आणि तोही अपुरा पडला. कथेचा गाभा मात्र थोडक्यात सांगता येतो. काळ हे सात आऱ्यांचं चाक आहे, युगं येतात, जातात आणि पुन्हा येतात. ते चाक फिरवणाऱ्या शक्तीचे दोन भाग आहेत, एक बायकांचा आणि एक पुरुषांचा. पुरुषांचा भाग सैतानी सत्तेने नासवलेला आहे, त्यामुळे तो वापरणारा प्रत्येक पुरुष पुढेमागे वेडा होतो. आणि ज्याच्या हातून जगाची सुटका व्हायची, तो रँड अल’थॉर नावाचा मेंढपाळाचा पोर नेमका याच शक्तीसह जन्मलेला आहे.

या मालिकेविषयीची मतं वाचत गेलं की एक गोष्ट लवकर ध्यानात येते. वाचकाने ती केव्हा वाचली, यावर त्याचं मत फार अवलंबून असतं. प्रत्येक खंड निघेल तसा घेणाऱ्यांचा अनुभव वेगळा, आणि २०१३ नंतर चौदाही खंड शेजारी मांडून बसलेल्यांचा वेगळा. मॅट कॉथनचंच घ्या. रँडच्या गावचा हा जुगारी, गमत्या मित्र बहुतेक वाचकांचा लाडका. १९९६ च्या सातव्या खंडाच्या शेवटी, शहरावर परक्या फौजांचा हल्ला चालू असताना, त्याच्या अंगावर भिंत कोसळते. १९९८ मध्ये आठवा खंड आला, आणि त्यात मॅट एकदाही नाही. तो जगला का, कितपत जखमी झाला, हे कळायला २००० साल उजाडावं लागलं. ज्यांनी ती चार वर्षं काढली, त्यांच्या मनात आठव्या खंडाबद्दलची अढी आजही आहे. आज वाचणारा पोरगा आठवा खंड आठवड्याभरात संपवून नवव्यात मॅटला भेटतो. हे लोक कशावर चिडले होते, हेच त्याला उमगत नाही.

वाट पाहण्याने सगळं कडवटच झालं, असं मात्र म्हणता येणार नाही. १९९३ च्या पाचव्या खंडाच्या अखेरीस ॲस्मोडियन नावाचा एक खलपुरुष एक दार उघडतो, समोर कुणीतरी ओळखीचं दिसतं, तो दचकतो आणि मरतो. मारणारं कोण, ते लेखक सांगत नाही. जॉर्डनचं म्हणणं होतं की पुस्तकात पुरेसे दुवे आहेत, नीट वाचणाऱ्याला कळायला हवं. मग वाचकांनी वकिली थाटात पुरावे गोळा करायला सुरुवात केली. त्या घटकेला कोण कुठे होतं, कुणाला त्याला मारण्याचं कारण होतं, कुणाला पाहून तो तसा दचकला असता, याची टिपणं तयार झाली, ती वाढत गेली, प्रत्येक नव्या खंडानंतर दुरुस्त होत गेली. उत्तर मिळालं ते सतरा वर्षांनी, २०१० च्या तेराव्या खंडात, आणि तेही कथेत नव्हे तर मागच्या शब्दसूचीत एका नोंदीच्या ओघात: ग्रेंडाल या खलनायिकेने. काही जण यावर संतापले, इतक्या वर्षांच्या खटाटोपाचं हे काय फळ, म्हणून. मला मात्र या प्रकरणात मालिकेचं मोठं यश दिसतं. ती सतरा वर्षं वाचकांनी ही पुस्तकं ज्या बारकाईने वाचली, तशी एकाच खंडात संपणारी कादंबरी क्वचितच वाचली जाते. दोन हजारांहून अधिक नावानिशीची पात्रं लक्षात ठेवणारे लोक अशाच कोड्यांनी घडवले.

आता त्या दहाव्या खंडाकडे यावं लागतं. सातव्या किंवा आठव्या खंडापासून दहाव्यापर्यंतच्या टप्प्याला इंग्रजी वाचकांनी ‘स्लॉग’ म्हणायला सुरुवात केली, म्हणजे चिखलातून पाय ओढत चालणं. त्या टप्प्याची कैफियत मांडणारे म्हणतात की आता सलग वाचता येतं, तर रखडपट्टी उरलीच कुठे? आठव्या-नवव्या खंडापुरतं मला हे पटतं. आठवा मालिकेतल्या लहान खंडांपैकी एक आहे, आणि नवव्याचा शेवट, जिथे रँड आणि त्याच्याच गावची नायनीव पुरुषांच्या शक्तीला लागलेली कीड धुऊन काढतात, हा साऱ्या कथेतल्या सर्वांत मोठ्या प्रसंगांपैकी एक आहे. दहाव्याचा बचाव मात्र एवढ्याने होत नाही. त्याचा दोष रचनेतच आहे. नवव्याच्या शेवटी एवढं प्रचंड काही घडल्यावर पुढे काय, हे वाचायला आपण पान उलटतो, आणि जॉर्डन काळ मागे नेतो. एकेक पात्र आपापल्या ठिकाणी, मैलोन् मैल दूर, ती प्रचंड शक्ती वापरली जाताना जाणवून चमकतं आणि हे काय चाललंय, असा विचार करतं. आपल्याला ठाऊक आहे काय चाललंय. साडेसहाशेहून अधिक पानांच्या या पुस्तकात रँड मोजक्या पानांपुरता येतो. बायकोला पळवून नेल्याचं रँडच्या पेरिन या मित्राला नवव्या खंडाच्या सुरुवातीला कळलेलं असतं. इथे तो अजून शोधतोच आहे, तिची सुटका अकराव्यात आहे. राजकन्या एलेनचा राजगादीचा दावा स्नानगृहं, चहाचे पेले आणि सरदार घराण्यांच्या याद्या यांच्यात अडकून पडतो. सलग वाचा की थांबून, ज्याचं उत्तर वाचकाकडे आधीच आहे असा प्रश्न पात्रांना पडलेला पाहत राहणं कंटाळवाणंच असतं.

हे खुद्द लेखकालाही जाणवलं असावं. २००५ चा अकरावा खंड, ‘नाइफ ऑफ ड्रीम्स’, इतक्या वेगाने गाठी सोडवत जातो की बरेच वाचक त्याला पहिल्या सहा खंडांच्या पंक्तीला बसवतात. ते त्याचं शेवटचं पुस्तक ठरलं. मार्च २००६ मध्ये हृदयाच्या अमायलॉइडोसिस या दुर्मीळ आजाराचं निदान त्याने वाचकांना कळवलं, आणि १६ सप्टेंबर २००७ रोजी तो वारला. वय ५८.

नावडीची कारणं इतकी तपशिलाने सांगणारे वाचक आवडीबद्दल बोलू लागले की बहुधा एकाच जागी येऊन थांबतात: १९९२ च्या चौथ्या खंडातलं रुइडियन. आएल ही वाळवंटातली लढवय्यी जमात. ठार मारण्याआधी ते तोंडावर फडकं ओढतात, आणि तलवारीला कधी हात लावत नाहीत. आदल्या खंडांत हे आपण एखाद्या दूरच्या टोळीची चालरीत म्हणून वाचून पुढे गेलेलो असतो. रुइडियनमध्ये रँड काचेच्या खांबांच्या राईतून चालत जातो, आणि पावलागणिक आपल्या एकेका पूर्वजाचं आयुष्य त्याच्या डोळ्यांनी जगतो. क्रम उलटा: आधी जवळचा पूर्वज, मग त्याचा बाप, मग त्याच्याही मागचे. असं मागे जाता जाता एक तरुण भेटतो. बहिणीला पळवून नेणाऱ्यांना त्याने भाल्याने मारलेलं आहे. तिला सोडवून तो परत येतो, तेव्हा आई त्याचं तोंडही पाहायला तयार नसते. खुन्याच्या धडावर मला माझ्या मुलाचा चेहरा नको, अशा अर्थाचं ती बोलते. तोंडावरच्या फडक्याचा उगम तो आहे. भाल्याने निदान शिकार तरी करता येते, तलवारीचा उपयोग माणूस मारण्यापलीकडे काही नाही, म्हणून तलवार वर्ज्य. आणखी मागे गेलं की कळतं, जगातले हे सर्वांत भयंकर योद्धे मुळात शस्त्र न उचलण्याची शपथ घेतलेल्या अहिंसक सेवकांचे वंशज आहेत. रँडबरोबर त्या राईत शिरलेला दुसरा आएल हे सत्य सोसू न शकल्याने स्वतःचे डोळे ओरबाडून काढतो.

रुइडियनची ही दोन प्रकरणं मी कुणालाही सुटी वाचायला दिली नाहीत, देऊ नयेत. तीन खंडांची ओळख पाठीशी असेल तरच ते फडकं छातीत रुतून बसतं. लांबीवर टीका करणाऱ्यांना माझं उत्तर या प्रकरणांत आहे. ज्या कथेला एखादी साधी रीत हजारभर पानं नुसती दिसू द्यायला सवड आहे, तिलाच ती रीत अशी उलगडून दाखवता येते.

जॉर्डनचं खरं नाव जेम्स ऑलिव्हर रिग्नी. जन्म १९४८, दक्षिण कॅरोलिनातलं चार्ल्स्टन. व्हिएतनाम युद्धात तो हेलिकॉप्टरवर गनर होता, परतल्यावर भौतिकशास्त्र शिकला, अणुअभियंता झाला, मग लेखक. युद्धातल्या आपल्या दोन टोपणनावांबद्दल त्याने लिहून ठेवलं आहे. पहिलं होतं ‘गणेश’, विघ्नहर्ता म्हणून. दुसरं ‘आइसमन’, आणि ते त्याला आवडत नव्हतं. मेलेल्यांच्या शेजारी बसून निर्विकारपणे जेवणाऱ्या एका तरुण सैनिकाच्या फोटोविषयी तो त्या संदर्भात बोलला आहे, आणि तो बर्फासारखा माणूस आपण स्वतःच्या आत संपवून टाकला, असंही. हे वाचल्यावर रँडचं काय होतं याबद्दलची मतं बदलतात. सहाव्या खंडापासून रँड ठरवून कठोर होत जातो. आपल्यापायी मेलेल्या प्रत्येक स्त्रीचं नाव तो मनात घोकतो, आणि त्या घोकण्याने स्वतःला आणखी टणक करतो. पुष्कळ वाचकांना हा टप्पा असह्य होतो: नायक चिडका, संशयी, क्रूर, आणि हे खंडामागून खंड. पण मन मरायला वेळ लागतो हे ज्याने स्वतः सोसलं आहे, तो ते दोनशे पानांत कसं उरकेल?

या कठोरपणाचा शेवट बाराव्या खंडात, २००९ मध्ये, एका डोंगराच्या माथ्यावर होतो. पुन्हा पुन्हा जन्म घ्यायचा, पुन्हा पुन्हा तेच युद्ध, तेच मरण, तर हे चाकच मोडून का टाकू नये, असा रँडचा प्रश्न आहे. त्याला सापडलेलं उत्तर असं की पुन्हा जन्म म्हणजे पुन्हा प्रेम करण्याची संधी, मागच्या खेपेला चुकलं ते सावरण्याची संधी. इथे आपल्याकडचा वाचक वेगळा थबकतो. कालचक्र आणि युगं आपल्याला नवी नाहीत. पण फेऱ्यातून सुटका हेच अंतिम सुख, असं ऐकत आपण वाढलेलो असतो, आणि हा नायक फेऱ्यालाच होकार देतो. परकं वाटावं असं हे उत्तर आपल्याला परकं वाटत नाही, कारण तुकोबांनी मुक्ती आणि धनसंपदा नाकारून, संतांचा संग मिळणार असेल तर खुशाल पुन्हा जन्माला घाला, असं देवाला सांगितलेलंच आहे. जॉर्डनने तुकाराम वाचला असण्याची शक्यता नाही. त्याने आर्थरच्या कथा, नॉर्स पुराणं आणि पूर्वेकडची कालकल्पना मिसळून आपलं जग उभं केलं. तरीही पुण्या-मुंबईत ही मालिका इंग्रजीतून वाचणाऱ्याला या ठिकाणी जे जवळचं वाटतं, ते अमेरिकन वाचकाच्या मतात सहसा सापडत नाही.

सर्वांत गंभीर तक्रार बायकांच्या चित्रणाची आहे, आणि तिच्यावर लांबीचा किंवा वाट पाहण्याचा काही परिणाम होत नाही. नव्वदच्या दशकात या मालिकेचं कौतुकच त्या कारणाने झालं. राण्या, सल्लागार, सेनानी, शक्ती वापरून जगाची सूत्रं हलवणाऱ्या आएस सेडाई, इतक्या सत्ताधारी बायका त्या काळच्या फँटसीत फारशा नव्हत्या. आजचा वाचक तीच पानं वाचून वेगळं विचारतो. सगळ्या बायका सारख्याच पद्धतीने का रागावतात, नायनीव दर दोन पानांनी वेणी का ओढते, पुरुष आणि बायका एकमेकांना कायमचं न समजणारे दोन प्राणिवर्ग असल्यासारखे का बोलतात, एका नायकावर तीन जणी एकाच वेळी प्रेम करून समजुतीने कशा राहतात? वेणीचं आपण सोडून देऊ. पण अल्टाराची राणी टायलिन मॅटला सुरीच्या धाकाने शय्येवर नेते, आणि तो प्रसंग विनोद म्हणून रंगवलेला आहे. तो सांगतो तेव्हा त्याच्या मैत्रिणींना हसू येतं. भूमिका उलट्या केल्या की गंमत होते, असा लेखकाचा समज दिसतो. तसं होत नाही, आणि या बाबतीत मी नव्या वाचकांच्या बाजूने आहे. त्याच वेळी नायनीवबद्दल मतं कशी पालटतात तेही नोंदवलं पाहिजे. पहिल्या चार-पाच खंडांत तिचा तिटकारा करणारेच पुढे तिला सर्वांत आवडतं पात्र म्हणतात. अकराव्या खंडात ती नवऱ्याला मरणाच्या लढाईवर सोडायला जाते, आणि मग गावोगाव फिरून त्याच्या बुडालेल्या राज्याची माणसं त्याच्या पाठीशी उभी करते. ते प्रकरण वाचून न हेलावलेला वाचक मला भेटलेला नाही.

जॉर्डन गेल्यावर त्याची पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडूगल यांनी तिशीतल्या ब्रँडन सँडरसनची निवड केली. त्याने जॉर्डनवर लिहिलेला श्रद्धांजलीचा लेख त्यांच्या वाचनात आला होता, मग त्यांनी त्याची ‘मिस्टबॉर्न’ वाचली. एका खंडाचा मजकूर तीन खंडांत गेला. वाचकांची पहिली भावना कृतज्ञतेची होती आणि ती टिकली. तक्रारी आहेत: भाषा सपाट झाली, पात्रं आजच्यासारखी बोलू लागली, आणि बाराव्या खंडातला मॅट तर ओळखूच येत नाही, उगाच फाजील बोलतो. ही शेवटची चूक सँडरसनने स्वतः जाहीरपणे मान्य केली, आणि पुढच्या खंडात मॅट बराचसा परतला. शेवटच्या पुस्तकातलं महायुद्धाचं एकच प्रकरण जवळपास दोनशे पानांचं आहे. ते एका बैठकीत वाचून पहाट केलेले लोक त्याबद्दल एखाद्या घरच्या प्रसंगासारखे बोलतात.

२०१४ मध्ये वाचकांनी जोर लावून सगळी मालिका मिळून एकच कादंबरी म्हणून ह्यूगो पुरस्काराच्या अंतिम यादीत नेली. भागांनी प्रसिद्ध झालेलं लेखन शेवटच्या भागाच्या वर्षी पात्र ठरतं, या नियमाचा आधार होता. पुरस्कार ॲन लेकी यांच्या ‘ॲन्सिलरी जस्टिस’ला मिळाला आणि ते योग्यच झालं. चौदा खंड एका कादंबरीशेजारी ठेवून तोलता येत नाहीत. काही वर्षांनी ह्यूगोमध्ये मालिकांसाठी वेगळा पुरस्कार सुरू झाला. अशीच लांबलचक फँटसी मालिका लिहिणाऱ्या जॉर्ज मार्टिनचा पाचवा खंड २०११ मध्ये आला आणि सहाव्याची वाट लोक अजून पाहत आहेत. ‘व्हील ऑफ टाइम’ पूर्ण झाली, या एका गोष्टीचं मोल त्यामुळे दरवर्षी वाढत गेलं आहे.

दूरचित्रवाणी मालिकेने भांडणं नव्याने पेटवली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ॲमेझॉनने ती आणली. पहिल्याच भागात पेरिनला पुस्तकात नसलेली एक बायको देऊन त्याच्याच हातून चुकून मारलेली पाहिल्यावर जुन्या वाचकांचा मोठा गट उठून गेला. तिसऱ्या पर्वात रुइडियन आलं आणि त्यातले बरेचसे परत आले. मे २०२५ मध्ये मालिका बंद झाली. तिच्यामुळे पुस्तकांकडे वळलेले तरुण वाचक राहिले आहेत, आणि त्यांना हमखास मिळणारा सल्ला असा: दहावा खंड सारांशावर भागवा, थेट अकरावा उघडा.

मी तो सल्ला देत नाही. त्या खंडाच्या अगदी शेवटच्या पानांत एग्वेन, रँडच्याच गावची मुलगी आणि आता बंडखोर आएस सेडाईंची प्रमुख, रात्री नावेतून जाऊन विरोधी आएस सेडाईंच्या टार व्हॅलन शहराच्या बंदराची लोखंडी साखळी आपल्या शक्तीने न तुटणाऱ्या पदार्थात बदलते, आणि पकडली जाते. पुढचे दोन खंड ती कैदी आहे, रोज फटके खाते, वाकत नाही, आणि विरोधकांचा तो सगळा गड आतून फोडते. मालिकेतल्या या एका कथासूत्राबद्दल वाचकांत मतभेद जवळजवळ नाहीत. दहाव्या खंडातल्या तिच्या छावणीतल्या बैठका, कोणती सभासद कुणाला अडवते, कोण कुणाच्या ऋणात आहे, कोणता ठराव कुठल्या सबबीवर लांबवला जातो, हे सगळं कंटाळवाणं आहे, मान्य. पण कैदेत असताना एकेका स्त्रीला कोणत्या शब्दाने विचारात पाडायचं हे एग्वेन त्या बैठकांत शिकलेली आहे, आणि त्या न वाचणाऱ्याला तिचं धैर्य तेवढं दिसतं, कसब दिसत नाही.